पाखऱ्याचं आवतण

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पडद्याच्या जाड काचेवरच कुंकवाचं बोट ओढलं. तो डाग पुढे कितीतरी दिवस कोपऱ्यात लालसर दिसत राहिला. कॉम्प्युटर जुना, कुणीतरी वापरून विकलेला. त्याचा पडदा पाठीमागून भोपळ्यासारखा फुगलेला होता, आणि सुरू होताना तो एवढा घरघरायचा की दारातल्या कोंबड्या पांगायच्या. आम्ही तो धान्याच्या कोठीशेजारी, खिडकीपाशी ठेवला. त्या खिडकीतून समोर गोठा दिसायचा. आज मी पस्तिशी ओलांडली आहे, मधल्या काळात भुताखेतांचे पुष्कळ गेम पाहिले, माझ्या मुलीनं मला मुद्दाम घाबरवायला दाखवले तेही पाहिले. पण त्या खिडकीशेजारी बसून मी ज्या गेमला घाबरले, त्याच्या जवळपास जाणारं काही मला अजून भेटलेलं नाही. तो गेम माझ्या ताईनं केला होता, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आणि त्यात एकही भूत नव्हतं. एक बैल होता, आणि तो जेवायला आला होता.

आमचं गाव पिंपरी पेंढार. घरात नाना म्हणजे वडील, आई, वैशालीताई आणि मी, स्वाती. कांदा, टोमॅटो, थोडी बाजरी. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर यायचा, त्यामुळे गोठ्यात दोन म्हशी आणि एकच बैल. त्याचं नाव पाखऱ्या. तो कामाचा बैल नव्हता, शर्यतीचा होता. आमच्याकडे यात्रेत बैलगाड्याच्या शर्यती असतात, त्या पळायच्या चढाच्या वाटेला घाट म्हणतात, आणि घाटात एकदा पळण्याला बारी. दुसऱ्यांच्या बैलांबरोबर जुंपून पाखऱ्यानं कित्येक बाऱ्या मारल्या होत्या. तो पळाला की नाना आठवडाभर टोपी तिरकी घालून फिरायचे आणि आई म्हणायची, "बैल पळाला का तुमी पळाला?" मग शर्यतींवर पहिल्यांदा बंदी आली. एक यात्रा कोरडी गेली, दुसरी गेली, आणि पाखऱ्या गोठ्यात उभा राहायला लागला. उभं राहणं हे त्याचं काम नव्हतं, ते त्याला जमतही नव्हतं. तो खुंट्याभोवती फिरून फिरून जमिनीत वाटोळी चाकोरी पाडायचा आणि ताई दर दोन दिवसांनी ती मातीनं भरायची.

कारण तो बैल खरा ताईचा होता. खुराक तिच्या हातचा, धुणं तिच्या हातचं. नाना त्याला घाटात न्यायचे तेवढेच. बायका-मुलींनी घाटात गाड्यापुढे जायची पद्धत नव्हती, म्हणून ताई लांब टेकाडावर उभी राहून नुसत्या घुंगरांच्या आवाजावरून सांगायची, "आला. डाव्या अंगाला पळतोय. आज मन नाय त्याचं." आणि ते खरं निघायचं. मी तेव्हा सोळा वर्षांची, आणि मला ताईच्या या विद्येचं एवढं कौतुक वाटायचं की मी शाळेत मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, आमच्या ताईला बैलाच्या मनातलं ऐकू येतं.

माझं स्वतःचं वेड मात्र वेगळं होतं. आदल्या दिवाळीत राजुरीला आत्याकडे गेले, तर तिच्या मुलांनी घरी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर मोटारींचा गेम. मी चार दिवस त्या खुर्चीवरून उठले नाही. आत्यानं फराळाचं ताट हातात आणून दिलं, आणि मी चकलीचा तेलकट हात तसाच कीबोर्डला लावला म्हणून बोलणीही खाल्ली. घरी परतले ती आजारी माणसासारखी. मला कॉम्प्युटर पाहिजे. मी रुसले, अबोला धरला, एक दिवस जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी कोठीमागे चोरून शेंगदाणे खाल्ले. नारायणगावला कॉम्प्युटरच्या क्लासला ताई जात होती, घरी सराव करायला खरी गरज तिला होती. ती मात्र एकदाही बोलली नाही. नाना माझ्याकडे बघायचे, म्हणायचे, "बघू." आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ नाही असा असायचा. यावेळी तो तसा नव्हता, हे मला पोळ्याच्या आदल्या दिवशी कळलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. बैलाला धुवायचं, कोमट पाण्यानं त्याचा खांदा शेकायचा, हळद आणि तूप चोळायचं. वर्षभर जू वाहून खांदा दुखतो, त्याची माफी मागायची म्हणून. मग त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, त्याला आम्ही आवतण म्हणतो. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आमच्या घरात हे आवतण धाकट्या लेकीनं बैलाच्या कानात द्यायचं, अशी रीत होती. म्हणजे ते काम माझं होतं, मला कळायला लागल्यापासून. बैलाचा कान आतून ऊबदार असतो आणि कुजबुजलं की तो फडकतो, तोंडावर बसतो. लहानपणी मला ते फार आवडायचं.

त्या दिवशी सकाळी नानांनी मला चाळीत बोलावलं. कांद्याची चाळ, लांबुडकी, दोन्ही बाजूंनी हवा खेळती. ते कांदे चाळवत होते, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाखऱ्याला दिलाय. वर डोंगरात, तळेघरकडं. त्यांचा एक बैल गेला, एकच राह्यलाय. पोळ्याला एकट्याला कसं पुजायचं म्हंत्यात. उद्या सकाळी गाडी घिऊन येत्याल." मग ते म्हणाले, "ताईला आत्ताच सांगू नको. रडून घर डोक्यावर घील. आन् तुझं ते कॉम्प्युटरचं पन बघतो आता." मी विचारलं, "खरंच?" इतकंच. पाखऱ्याबद्दल मी एक शब्द विचारला नाही. हे लिहिताना आत्तासुद्धा कान गरम होतात.

संध्याकाळी ताईनं त्याचा खांदा चोळला. उन्हं कलली होती, हळदीचे हात करून ती मला म्हणाली, "दे गं आवतण, उशीर नको." ती शेजारी उभी. न देऊन चालणार नव्हतं, दिलं नसतं तर तिनं कारण विचारलं असतं. मी पाखऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." कान फडकला. उद्या तो इथे नसणार हे मला माहीत होतं, आणि मी त्याला जेवायला बोलावलं. ताई हसून म्हणाली, "ऐकलं बघ त्यानं."

दुसऱ्या दिवशी ताई सकाळीच दुकानात शिंगांचा रंग आणायला गेली. आईनं डाळ चुलीवर ठेवली होती. तेवढ्यात पिकअप आली. तळेघरचा माणूस आणि त्याचा मुलगा, दोघंही लाजाळू, डोक्याला फेटे, पायात चिखलाचे बूट. त्यांना ऊन चढायच्या आत डोंगराचा घाट चढून घरी पोचायचं होतं, पूजा करायची होती. नाना आत आले, आईला म्हणाले, "घासभर काय व्हईल का?" आई म्हणाली, "आवं, डाळ अजून बोटचेपी नाय झाली, पुरण कुठलं?" नाना दाराशी घोटाळले. त्या माणसाला म्हणता आलं असतं की घटकाभर थांबा, याला आवतण दिलंय. ते कुणीच म्हणालं नाही. नानांना शब्द दिल्याचा संकोच, त्या लोकांना परक्या दाराचा संकोच, आणि मला माझा. पाखऱ्या गाडीत चढायला तयार नव्हता. शर्यतीला जाताना तो स्वतः उडी मारायचा. त्या दिवशी गाडीच्या ड्रायव्हरसकट चार माणसांनी ढकलला. त्याची घुंगरमाळ नानांनी काढून खुंटीला अडकवली, ती आमचीच राहिली.

गाडी वळणाआड गेली आणि पाच मिनिटांनी ताई आली. तिच्या दोन हातांत रंगाचे दोन डबे होते, एक गुलाबी आणि एक निळा. ती गोठ्यासमोर उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. डबे उंबऱ्याशी ठेवले आणि पाखऱ्याच्या पायांनी पडलेली चाकोरी मातीनं भरायला लागली. दुपारी आईनं मातीचे बैल पुजले, नैवेद्याचं ताट रिकाम्या दावणीपुढे ठेवलं. मी पुरणपोळी खाल्ली. दोन खाल्ल्या. सोळाव्या वर्षी पोट कुणाचं ऐकत नाही.

कॉम्प्युटर आठवड्याभरात आला. मी त्याच्यापुढे बसले की ताई उठून जायची. महिनाभर तिनं त्याला हात लावला नाही. मग एके दिवशी शाळेतून आले तर ती बसलेली. क्लासच्या सरांनी तिला एक सीडी दिली होती, त्यात गेम तयार करायचं फुकटातलं सॉफ्टवेअर. पुस्तक नाही, शिकवणारं नाही. सरांनाच ते येत नव्हतं. ताई एकेक बटण दाबून बघायची आणि काय झालं ते वहीत लिहायची, स्वयंपाकातलं प्रमाण लिहून ठेवावं तसं. सकाळी कांदे निवडायचे, दुपारी वीज असेल तेवढा वेळ बसायचं, वीज गेली की वहीत चित्रं काढायची. चुकलं की ती कधी चिडायची नाही. "आसं नाय व्हत म्हंजी तसं व्हत आसंल," एवढंच. मी पुढे शिकले, नोकरी केली, हुशार माणसं पुष्कळ पाहिली. पण ज्याला शिकवणारं कुणी नाही ते एकट्यानं शिकणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या घरात, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

तिनं आवाज कसे गोळा केले ते सांगितलं पाहिजे. बारकासा माईक होता, तारेचा. तो तिनं काठीला बांधला आणि घरभर हिंडली. पाट्यावर पुरण वाटल्याचा आवाज. चुलीत ओलं लाकूड फुसफुसल्याचा. सुपात बाजरी पाखडल्याचा, तो गेममध्ये लावल्यावर वारा वाटायचा. खुंटीवरची घुंगरमाळ तिनं आधी जवळून वाजवली, मग अंगणातून, मग बांधावरून, मग पार ओढ्यापलीकडून, आणि मला म्हणाली, "तू आत बस आन् सांग, किती लांब वाटतंय." मी सांगत गेले. मी कशाला मदत करतेय याची मला कल्पना नव्हती. पाखऱ्याचं चित्र तिनं यात्रेतल्या जुन्या फोटोवरून काढलं, माऊसनं, ठिपका ठिपका भरत. मराठी अक्षरंसुद्धा चित्रासारखी काढली. सगळं व्हायला दिवाळी उलटली. मग एका रविवारी दुपारी तिनं मला खुर्चीत बसवलं, म्हणाली, "खेळ," आणि कांद्याच्या चाळीत निघून गेली.

पडद्यावर आमचं घर होतं. हेच. कोठी, खिडकी, चूल. वर अक्षरं आली, आज पोळा, स्वयंपाक कर. मी माऊसनं डाळ चुलीवर ठेवली, गूळ किसला. पाट्याचा आवाज आला आणि मला हसू आलं, कारण तो आईचाच हात होता. मग ओढ्यापलीकडून घुंगरं वाजली. मी खिडकीवर टिचकी मारली. लांब बांधावर पाखऱ्या उभा होता. शिंगं गुलाबी-निळी, अंगावर झूल, इतका देखणा की माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. मी परत चुलीकडे वळले, डाळ अजून शिजलेली नव्हती. परत खिडकी उघडली तर तो अंगणात. चालताना तो कधी दिसायचाच नाही. आपण पाठ फिरवली की तेवढ्यात यायचा. डाळ शिजतच नव्हती. मग लक्षात आलं की ती शिजणारच नाही, ताईनं ती तशीच केली आहे. आणि प्रत्येक वेळी पाहावं तर पाखऱ्याच्या अंगावरचं एकेक कमी झालेलं. आधी झूल गेली. मग शिंगांचा रंग. मग फासळ्या दिसायला लागल्या. तो रागावलेला नव्हता, शिंग उगारत नव्हता. दारात उभं राहून अगदी पाहुण्याच्या अदबीनं म्हणायचा, "आवतण व्हतं. थांबतो." त्या 'थांबतो'नं माझ्या अंगावर काटा आला. मी गेम बंद केला. पुन्हा सुरू केला तर तो आधीच घरात, चुलीशेजारी उभा होता, मागचं दार लागलेलं होतं, आणि आता त्याच्या तोंडाला जाळीचं मुसकं बांधलेलं होतं. खाली अक्षरं आली, "मला उपाशी कुणी धाडलं? नाव सांग."

भर दुपारी, बाहेर आई कोंबड्यांना हाकलत असताना, मी घामानं भिजले. खिडकीतून खरा गोठा दिसत होता आणि मला तिकडे बघायचं धाडस होईना. उत्तर मला माहीत होतं. म्हणूनच मी दुसरी सगळी नावं टाकली. नाना टाकलं. पाखऱ्या तसाच. आई टाकलं. तळेघर टाकलं, शर्यत टाकलं, क्लासच्या सरांचं नावसुद्धा टाकलं, त्या बिचाऱ्यांचा काय संबंध. पाखऱ्या म्हणायचा, "थांबतो." असं तीन दिवस चाललं. शाळेत मला बेंचखालून घुंगरं ऐकू यायची. ताटात पोळी आली की मी ती बाजूला सारायची, आई म्हणाली पोरीला दृष्ट लागली आणि मीठमोहऱ्या उतरवल्या. चौथ्या दिवशी मी एकेक अक्षर दाबून माझं नाव लिहिलं. स्वाती.

काहीच झालं नाही. पाखऱ्या तसाच उभा. आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. ताईला माहीत नाही! मी खुर्चीत मागे टेकून चक्क हसले. मग ध्यानात आलं की घरातलं आता एकच नाव उरलंय. मी ते लिहिलं. वैशाली.

मुसकं गळून पडलं. दार उघडलं. पाखऱ्याच्या तोंडून अक्षरं आली, "नुसता उभा राहून खातोय. शर्यत नाय, काम नाय. देऊन टाका कुणाला तरी." आणि पडदा काळा झाला. हे वाक्य मी ऐकलेलं होतं. आषाढात, गोठ्यात गुडघाभर चिखल झाला असताना, शेणाची पाटी उचलता उचलता ताई वैतागून ते बोलली होती, आणि नाना पलीकडे दूध काढत होते. वैतागून तर आई आम्हालाही रोज नदीत सोडायला निघायची. पण ताईनं ते वाक्य जपून ठेवलं होतं. तिला वाटत होतं तिच्या तोंडून ते गेलं म्हणून बैल गेला. इतके महिने ती एकटी त्याच्यापुढे उभी होती, आणि ज्या खुर्चीत बसून ती हे सगळं करत होती ती खुर्ची, तो कॉम्प्युटर माझ्या हट्टानं आला होता. मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी पाखऱ्याचीही वाटली नव्हती. आता मी गप्प बसले तर ताई जन्मभर ते ओझं वाहील. आणि बोलले तर ताई मला परत कधी 'दे गं आवतण' म्हणणार नाही.

मी चाळीत गेले. ती कांदे निवडत होती, सडका इकडे, चांगला तिकडे. मी उभ्या उभ्याच सांगितलं. नानांनी मला आदल्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं, मला माहीत होतं, मी कॉम्प्युटरसाठी गप्प बसले. ताईचा हात थांबला.

"सकाळी सांगितलं व्हतं?"

"व्हय."

"आन् संध्याकाळी त्याच्या कानात काय बोलली तू?"

"तेच. उद्या जेवायला या."

"म्हाईत असून?"

"व्हय, ताई."

तिनं हातातला कांदा भिंतीवर मारला. तो फुटला, त्याचा वास सगळीकडे झाला, आणि दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं, त्यातलं कांद्याचं किती हे विचारू नये. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हणाली, "डाळ टाक. पुरण कर." आई म्हणाली, "आता कसला सण?" ताई म्हणाली, "उधारीचा." नाना टोपी चढवत होते, ते म्हणाले, "इकलेल्या बैलाच्या दारात जात न्हाईत. त्यो फिरून माघारी बघतो, नव्या घरी रमत न्हाई." आईनं डाळ निवडायला घेतली. त्या घरात आईनं डाळ निवडायला घेतली की चर्चा संपायची.

मंचरला एक एसटी, घोडेगावला दुसरी, तळेघरला तिसरी, आणि तिथून पायी. डबा आळीपाळीनं डोक्यावर. वाटेत ताई फक्त एकदा बोलली, "खालून धर, झाकण निसटंल." डोंगरातली भातं कापून झाली होती, नाचणीची मळणी चालू होती. शेवटच्या वाडीत एका खळ्यावर दोन बैल गोल फिरत होते, आणि त्यातला बाहेरच्या अंगाचा पाखऱ्या होता. त्याच्या शिंगांना रंग नव्हता. अंग उतरलं होतं. तोंडाला मुसकं बांधलेलं होतं. मळणीत धान्याला तोंड लावू नये म्हणून सगळेच बांधतात, यात नवल काही नाही. पण मी ते पडद्यावर आधी पाहिलं होतं. मी बांधावरच बसले.

घरातली बाई बाहेर आली, हौसाबाई. कोण, कुठल्या, कशाला आल्या, सगळं ताईनं सांगितलं. आवतणाचं सांगितल्यावर तिनं कपाळावर हात मारला. "अगं माझ्या बायांनो! आन् ह्ये त्या दिशी आमच्या माणसाला बोलायचं नाय का? बसला असता की त्यो घटकाभर तुमच्या वट्यावर. जेवायला बोलिवलेल्याला ताटावरनं उठवून आणल्याचं पाप आमच्या माथी कशापाय?" ती खरंच दुखावली होती. मी मान खाली घातली. मग तिनं नवऱ्याला मळणी थांबवायला लावली, स्वतः मुसकं सोडलं आणि बाजूला झाली. "घाला. मी नाय बघत."

ताईनं डबा माझ्या हातात दिला. "तू." मी पुढे झाले. पाखऱ्यानं मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही, ते ऐकायची विद्या ताईकडे. मी त्याच्या कानाशी गेले, आणि म्हटलं, "जेवा." कान फडकला, तोंडावर बसला. त्यानं पहिली पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, माझं मनगट चाटलं, आणि सगळा डबा संपवला. मी मोठ्यानं रडले, लहान पोरासारखी. हौसाबाईनं आम्हाला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली, आणि निघताना म्हणाली, "लई गुणी हाय बरं तुमचा. फकस्त पळाय बघतो." ते ऐकून ताई इतक्या महिन्यांनी हसली. येताना एसटीत तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि झोपली. मी मंचरपर्यंत हललेसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात तिनं गेम बदलला. आता एक नाव टाकून दार उघडत नव्हतं, दोन्ही टाकावी लागायची, तिचं आणि माझं. ताई आज पुण्यात एका कंपनीत लहान मुलांचे गेम करते, रंगीत, उड्या मारणारे, आणि त्यात ती फार नावाजलेली आहे. शर्यतीही पुन्हा सुरू झाल्या आहेत, घाटात आता मुलीही गाडे हाकतात. पण माझ्या लेखी तिचं सगळ्यात मोठं काम ते पहिलंच आहे. माझ्या मुलीला मी तो गेम दाखवला तेव्हा ती म्हणाली, यात जिंकायचं कसं? मी म्हटलं, नाव सांगून. तिनं आमच्या दोघींची नावं टाकली. पाखऱ्या हलला नाही. ती म्हणाली, बिघडलाय. तो बिघडलेला नाही. तिसरं नाव राहिलं होतं, ते कसं आलं तेवढं सांगते.

तळेघरहून आल्यावर नानांनी आम्हाला काही विचारलं नाही. चार-आठ दिवसांनी दुपारी वीज होती, ताई कॉम्प्युटरपुढे बसलेली, मी कोठीवर. नाना आत आले, खुर्ची ओढली, टोपी नीट केली, म्हणाले, "त्यो बैल दाव." ताईनं गेम लावला. बांधावरची घुंगरं वाजली आणि नानांची मान खुंटीकडे वळली. ते बघत राहिले. झूल गेली, रंग गेला, फासळ्या दिसल्या. पाखऱ्या दारात आला, मग घरात आला, आणि त्यानं विचारलं, "मला उपाशी कुणी धाडलं? नाव सांग." नानांना चष्म्याशिवाय वाचता येईना, मी वाचून दाखवलं, आणि नाव बरोबर असलं की दार उघडतं हेही सांगितलं. त्यांनी घसा खाकरला, आणि तलाठ्यापुढे सांगावं तसं स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं. ताईनं ते लिहिलं. पाखऱ्या म्हणाला, "थांबतो."

"का उघडंना?" नाना म्हणाले.

ताई म्हणाली, "त्यात तुमचं नाव नाय टाकलेलं, नाना."

नाना पडद्याकडे बघत होते. त्यांनी हात लांब करून, काचेवर, जिथे पाखऱ्याचं मुसकं होतं तिथे अंगठा ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"मंग टाक," ते म्हणाले. "तवर मी पन थांबतो."